लिंकचं बटण

तांबट लेनमधल्या दुकानात दोन माइक बांधले होते,
रस्त्याच्या बाजूनं, शटरच्या पट्टीला:
डावा अनंताकाकांच्या ऐरणीकडे,
उजवा बापूकाकांच्या.
मधे सात फूट जमीन, एक पाण्याची बादली,
आणि स्टुलावर त्यांची बहीण इंदुताई,
भांड्यांची नावं सांगायला.
घंगाळ. तपेलं. बंब. कळशी. सतेलं.
संग्रहालयवाल्यांना नावं हवी होती, ठोके हवे होते,
आणि शुक्रवारपर्यंत हवे होते.

माझी खोली गंगापूर रोडला.
खाली द्राक्षाच्या औषधांचं दुकान,
वर मी, भिंतींना गाद्या ठोकून.
साडेअकराला रस्ता जरा गप्प झाला
तेव्हा फाईल उघडली.

तांब्यावरचा घाव तिखट असतो,
त्याला कॉम्प्रेसरनं थोडं खाली बसवावं लागतं.
आणि कॉम्प्रेसरवर असतं एक छोटं बटण: लिंक.

ते चालू असलं
की दोन्ही बाजू एकाच कानानं ऐकतात.
डावीकडे जोराचा ठोका पडला
तर उजवीकडचाही मान खाली घालतो,
त्यानं काही केलेलं नसताना.
पण मधला माणूस मधेच राहतो.

बंद असलं, की ज्याचा त्याचा हिशोब.
डावा चढला, डावाच दबला,
उजव्याला पत्ता नाही.
हातोडे मोकळे, दणकट, आपापल्या जागी.
मला तेच आवडलं, खोटं कशाला बोलू.

मग इंदुताई म्हणाल्या, घंगाळ.
'घं' बरोबर मध्यावर होता.
तेवढ्यात अनंताकाकांचा घाव पडला
आणि 'गाळ' उजवीकडे घसरलं,
पार बापूकाकांच्या मांडीपर्यंत.
कळशीच्या वेळी उलटं.
तासभर मी एका म्हाताऱ्या बाईला
इकडून तिकडे ढकलत बसलो होतो
आणि ठेका धरून मान डोलवत होतो.

सकाळी त्या स्वतःच आल्या, शालिमारहून शेअर रिक्षानं.
पिशवीत काहीतरी जड होतं, ते खाली ठेवेनात.
हेडफोन अंबाड्यावर अडकला, मग बसला.
आधी लिंकवालं ऐकवलं.
"चांगलंय," म्हणाल्या,
लग्नातल्या जेवणाला म्हणावं तसं.

मग दुसरं लावलं.
डोळे मिटले त्यांनी.
मान जरा इकडे, जरा तिकडे,
स्वतःच्याच आवाजामागे जाऊ लागली.
"हे खरंय."

मी म्हटलं, ताई, ही चूक आहे माझी.
तुम्ही हलताय यात.

"सत्तावन्न वर्षं हलतेच आहे.
अनंता चिडला, की माझं ताट बापूच्या घरी.
बापूचं डोकं फिरलं, की अंथरूण अनंताकडे.
एक दुकान म्हणतात ते
फक्त विजेच्या बिलावर."

मी काही बोललो नाही.
पंखा होता, त्याचा आवाज येत होता.

"पण हे दोघं उलटे बसवलेत तुम्ही.
अनंता या हाताला असतो."
मी म्हटलं, रस्त्यावरून पाहिलं तर डावीकडेच आहेत.
"रस्त्यावरून कोण बसतंय?
मी रस्त्याकडे तोंड करून बसते."

मग वायरींची अदलाबदल केली.
डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.
पहिल्यापासून पुन्हा लावलं,
सतेल्यापर्यंत ऐकलं त्यांनी,
मधेच एका ठोक्याला हसल्या. का, ते विचारलं नाही.

संग्रहालयाला लिंकवालं गेलं.
त्यात त्या फोटोत बसावं तशा बसल्यात.
बिलात मी एकच मिक्स लावला.

दुसरं पेन ड्राइव्हवर घातलं.
फाईलला नाव काय देऊ, विचारलं.
"इंदू लिहा. आडनाव कुठलंच नको."
पिशवीची तोंडं फाकवून त्यांनी तो आत टाकला.
आत तांब्याला लागून टण्ण झालं
आणि मी सवयीनं मीटरकडे पाहिलं.